भोजनालयासाठी घेतलेल्या पेस्ट कंट्रोल सेवेचा एक वर्षाचा अनुभव

सांगलीत मारुती रोडच्या परिसरात आमचे शाकाहारी भोजनालय आहे. एका वेळी ४० माणसे बसतील एवढी जागा, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून कोठीची खोली आणि तिच्या मागच्या दाराबाहेर शेजारच्या तीन दुकानांशी सामाईक असलेले गटार, अशी त्याची रचना आहे. सासऱ्यांनी सुरू केलेल्या या व्यवसायाचा रोजचा कारभार गेली १४ वर्षे मी पाहते. गेल्या वर्षी अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या तपासणीत आमच्याकडे झुरळांच्या आणि उंदरांच्या खुणा आढळल्या, आम्हाला सुधारणा नोटीस मिळाली आणि त्यानंतर आम्ही पेस्ट कंट्रोलची सेवा बदलली. नव्या सेवेला आता एक वर्ष पूर्ण झाले आहे. जुन्या आणि नव्या, दोन्ही सेवांची नावे मी येथे लिहिलेली नाहीत. जुन्या सेवेच्या निष्काळजीपणात आमचाही वाटा होता, त्यामुळे तिची तक्रार जाहीरपणे मांडणे मला योग्य वाटत नाही. आणि नवी सेवा फक्त आमच्याच भागात काम करते, त्यामुळे तिचे नाव इतर गावांतील व्यावसायिकांच्या उपयोगाचे नाही. काम कसे झाले, हे मात्र कोणत्याही गावात ताडून पाहता येईल.

जुनी सेवा आमच्याकडे आठ वर्षे होती. महिन्याला ९०० रुपये ठरलेले होते. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी रात्री एक मुलगा पाठीवर पंप घेऊन येत असे, भिंतींच्या कडेने आणि ओट्याखाली वीस-पंचवीस मिनिटे फवारणी करत असे आणि पावतीवर सही घेऊन जात असे. सकाळी दार उघडले की औषधाचा उग्र वास येई, मोरीजवळ दोन-चार मोठी झुरळे उताणी पडलेली दिसत, आणि त्यावरून काम चोख झाल्याची आमची खात्री पटे. पावतीवर तारीख, रक्कम आणि ‘पेस्ट कंट्रोल केले’ एवढीच नोंद असे. कोणते औषध, किती प्रमाणात, कुठे मारले, हे आम्ही आठ वर्षांत एकदाही विचारले नाही. त्या रात्री उघड्यावर राहिलेल्या पराती, पोळपाट आणि झारे यांवर त्या फवाऱ्याचे किती कण बसले असतील, या विचाराने आज मी अस्वस्थ होते.

तपासणी एका मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास झाली. जेवणाची गर्दी ओसरली होती आणि कामगार पंगतीतली भांडी आवरत होते. अधिकाऱ्यांनी आधी दर्शनी भागात लावलेला परवाना पाहिला, मग कामगारांच्या वार्षिक वैद्यकीय तपासणीचे दाखले, पाण्याच्या तपासणीचा अहवाल आणि अन्न सुरक्षेच्या ‘फोस्टॅक’ प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मागितले. हे सारे आमच्याकडे होते. त्यानंतर त्यांनी पेस्ट कंट्रोलच्या नोंदी मागितल्या आणि मी पावत्यांचा गठ्ठा पुढे केला. त्यांनी तो चाळला, बाजूला ठेवला आणि खिशातून लहान टॉर्च काढून डीप फ्रीझच्या दाराची रबरी पट्टी बोटाने उलटून पाहिली. तिच्या घडीत काळ्या मिऱ्याची भरड सांडावी तसे बारीक ठिपके होते. ती झुरळांची विष्ठा आहे, असे त्यांनी शांतपणे सांगितले. कोठीत गव्हाची आणि डाळीची पोती भिंतीला टेकून थेट जमिनीवर ठेवलेली होती. त्यांतल्या एका पोत्याचा मागचा कोपरा कुरतडलेला होता आणि खाली उंदराच्या लेंड्या होत्या. ते पोते रोज आमच्या डोळ्यांसमोर होते, पण त्याची मागची बाजू मी कित्येक आठवड्यांत पाहिलेली नव्हती.

त्या नोटिशीविषयी माझी कसलीही तक्रार नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ३२ नुसार ती दिली जाते. तिच्यात नेमके काय चुकले आणि काय दुरुस्त करायचे हे लिहिलेले असते, आणि दुरुस्तीसाठी किमान १४ दिवसांची मुदत द्यावी लागते. मुदतीत सुधारणा झाली नाही तर परवाना निलंबित होऊ शकतो आणि पुढे रद्दही होऊ शकतो. अस्वच्छ परिस्थितीत अन्न तयार केल्याबद्दल कलम ५६ खाली एक लाख रुपयांपर्यंतचा दंड होऊ शकतो. आपल्या व्यवसायातील पुष्कळ जणांना दंडाचा आकडा तोंडपाठ असतो. मात्र २०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांची अनुसूची ४ फार थोड्यांनी वाचलेली असते. मीही ती नोटीस आल्यानंतरच नीट वाचली. उपद्रवी प्राण्यांना आत शिरता येईल अशी भोके आणि नाल्या बंद ठेवाव्यात किंवा त्यांना जाळ्या बसवाव्यात, धान्य व इतर सामान जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून दूर ठेवावे, उपद्रव दिसताच अन्नाला बाधा न पोहोचवता त्यावर उपाय करावा, आणि वापरलेल्या कीटकनाशकांच्या नोंदी तारखांसह ठेवाव्यात, असे तिच्यात स्पष्ट लिहिलेले आहे. आमच्या पावत्यांवर यातले तारखेखेरीज काहीच नव्हते.

नवी सेवा निवडताना मी चार ठिकाणी फोन केले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न आधी विचारला, की कीटकनाशक कायदा, १९६८ खाली व्यावसायिक पेस्ट कंट्रोलसाठी लागणारा परवाना तुमच्याकडे आहे का, आणि असल्यास त्याची प्रत पाठवाल का. दोघांनी शॉप अॅक्टच्या नोंदणीचा फोटो पाठवला, तो वेगळा कागद आहे. एकाने ‘कामाशी मतलब ठेवा’ असे उत्तर दिले. चौथ्याने परवान्याची प्रत, तज्ज्ञाच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि ते वापरत असलेल्या औषधांच्या लेबलांच्या प्रती त्याच संध्याकाळी पाठवल्या, आणि जागा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय दर सांगण्यास नकार दिला. फवारणीचा दर फोनवरच सांगणाऱ्याला आपल्या स्वयंपाकघरात नेमके काय आहे हे कळलेले नसते, त्यामुळे या नकारामुळेच आमचा त्यांच्यावर विश्वास बसला.

पहिल्या भेटीत त्यांनी औषधाचा एक थेंबही वापरला नाही. रात्री दहा वाजता दोन जण आले आणि पावणेतीन तास फक्त पाहणी करत राहिले. त्यांच्याकडे टॉर्च, दांडीला लावलेला लहान आरसा, स्क्रू ड्रायव्हर आणि एक पातळ पट्टी एवढेच सामान होते. त्यांनी पीठ मळण्याच्या यंत्राचे मागचे झाकण उघडले, चहाच्या ओट्यावरची सैल झालेली फरशी उचलून पाहिली, स्टीलच्या टेबलांचे पाय उलटे करून त्यांच्या पोकळ नळ्यांत प्रकाश टाकला. त्या नळ्यांची खालची टोपणे कधीच निघून गेली होती आणि सहापैकी चार पायांमध्ये झुरळांची वस्ती होती. याच टेबलांवर आम्ही रोज कोशिंबीर चिरत होतो. जाताना त्यांनी १४ ठिकाणी चिकट पट्ट्या ठेवल्या, प्रत्येकीवर क्रमांक टाकला आणि आठवड्याने येऊन त्यांवरची झुरळे मोजली. एकूण १४७ निघाली, आणि त्यांतली बहुतेक तीनच पट्ट्यांवर होती: डीप फ्रीझच्या कॉम्प्रेसरजवळ, चहाच्या ओट्याखाली आणि रिकामे पुठ्ठ्याचे खोके रचून ठेवलेल्या कोपऱ्यात. आठ वर्षे आम्ही ज्या भिंतींच्या कडेने फवारणी करून घेत होतो, तिथल्या पट्ट्या जवळजवळ रिकाम्या होत्या.

इथे झुरळांच्या जातीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण सगळा उपचार त्यावर अवलंबून असतो. मोरीतून येणारे मोठे, तांबूस झुरळ वेगळे. ते गटारात राहते आणि फवारणीनंतर तेच उताणे पडलेले दिसते. हॉटेलच्या स्वयंपाकघरात खरा त्रास लहान, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेषा असलेल्या जर्मन झुरळाचा असतो. त्याची मादी ३० ते ४० अंडी असलेली कुपी फुटायची वेळ येईपर्यंत आपल्या अंगाशीच बाळगते, आणि त्या कुपीच्या कवचातून फवारा आत पोहोचत नाही. ऊब, पाणी आणि अन्नाचे कण मिळाले की अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास साधारण दोन ते तीन महिने पुरतात. पायरेथ्रॉइड गटातील औषधांचा फवारा मारला की काही झुरळे मरतात, बाकीची त्या जागेपासून पळून आणखी खोल फटीत किंवा शेजारच्या खोलीत जातात, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच औषध मारले तर त्याला दाद न देणारी झुरळे मागे उरतात. आमच्याकडे हे सगळे घडले होते. स्वयंपाकघरातील झुरळे बाहेर जेवणाच्या खोलीत, देवाच्या फोटोमागे जाऊन बसली होती.

नव्या सेवेने जेल वापरले. इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के असलेले जेल मसुराच्या दाण्याएवढ्या ठिपक्यांत फटींमध्ये, बिजागऱ्यांमागे आणि टेबलांच्या नळ्यांमध्ये लावले, आणि नळ्यांची तोंडे नवी टोपणे घालून बंद केली. दोन आठवड्यांनी दुसरा हात आणि त्यानंतर महिन्याने तिसरा हात देण्यात आला, कारण पहिल्या वेळी अंड्यांत असलेली पिल्ले तोपर्यंत बाहेर पडलेली असतात. सहा महिन्यांनी फिप्रोनिलचे जेल वापरून औषधाचा गट बदलला. जेल खाल्लेले झुरळ आपल्या लपण्याच्या जागी जाऊन मरते आणि त्याची विष्ठा व मृत शरीर खाणारी इतर झुरळेही मरतात. त्यामुळे सकाळी उताणी पडलेली झुरळे फारशी दिसत नाहीत आणि पहिल्या आठवड्यात काहीच झाले नाही असे वाटते. आमचे आचारी अण्णा तर ‘वहिनी, याला वासही नाही, याने काय मरणार?’ असे रोज विचारत होते. तीन आठवड्यांनी पट्ट्यांवरची संख्या ३१ वर आली आणि दोन महिन्यांनी चारवर.

मध्ये एकदा आमच्या हातून चूक झाली. एका रात्री भांडी घासणाऱ्या मुलाला मोरीजवळ दोन झुरळे दिसली आणि त्याने दुकानातून स्प्रेचा डबा आणून ओट्याखाली सगळीकडे मारला. पुढच्या भेटीत तंत्रज्ञाने ओट्याखाली वाकून वास घेतला आणि स्प्रे कोणी मारला असे विचारले. स्प्रेमुळे जेलच्या ठिपक्यांना वास लागतो आणि झुरळे त्याला तोंड लावत नाहीत, हे त्याने त्या मुलाला न रागावता समजावून सांगितले, जुने ठिपके पुसून नव्याने लावले आणि त्या फेरीचे वेगळे पैसे घेतले नाहीत. त्या दिवसापासून फिनेलही जेलच्या जागांपासून दूर वापरले जाते.

उंदरांचे काम अधिक कष्टाचे होते आणि त्याचे मूळ आम्हाला माहीत असलेल्या एका गोष्टीत निघाले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या भोजनालयात छातीएवढे पाणी होते. पाणी ओसरल्यावर आम्ही गाळ काढला, भिंती धुतल्या, वीजजोडणी बदलली, भांडी उकळत्या पाण्यात घातली, पण कोठीमागच्या गटाराच्या चेंबरला गेलेला तडा वरवर सिमेंट फासून बुजवला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला आणि ते सिमेंट आतून सुटले. गटारातले उंदीर आणि घुशी त्या पोकळीतून कोठीच्या जोत्याखाली येत होत्या. नव्या सेवेच्या माणसांनी चेंबरचे झाकण उघडायला सांगितल्यावर अर्ध्या तासात हे उघड झाले. आधीच्या आठ वर्षांत ते झाकण पेस्ट कंट्रोलसाठी कोणीही उघडले नव्हते. पुराच्या गावात राहणाऱ्या प्रत्येक भोजनालय चालकाने आपले चेंबर आणि जोते एकदा तरी आतून तपासून घ्यावे, असे मी कळकळीने सांगते. पुरानंतर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) भीती असते, आणि तो आजार उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो.

कोठीत आणि स्वयंपाकघरात विषारी वड्या ठेवण्यास त्यांनी ठाम नकार दिला. ब्रोमॅडियोलोनसारखे विष खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो, कुठेतरी पोटमाळ्यावर किंवा भिंतीच्या पोकळीत मरतो, आणि वडीचे तुकडे तो धान्यात ओढून नेऊ शकतो, हे त्यांचे कारण होते. आत फक्त पिंजरे, आणि बाहेर गटाराच्या बाजूला कुलूप असलेल्या क्रमांकित पेट्यांत वड्या, अशी व्यवस्था झाली. मागच्या शटरखाली बोटभर फट होती. जिथून पेन्सिल आत जाते तिथून लहान उंदीर आत येतो, असे सांगून त्यांनी तिथे रबरी पट्टी बसवायला लावली. मोरीच्या तोंडावर बारीक जाळी, पाइपांभोवतीच्या भोकांत तारेचा चोथा आणि वर सिमेंट, पोत्यांसाठी सहा इंच उंचीच्या लोखंडी घडवंच्या आणि त्या भिंतीपासून हातभर दूर, अशी कामे आम्ही गवंड्याकडून करून घेतली. गणपती पेठेतून येणारा किराणा आता मागच्या दारातच खोक्यांतून बाहेर काढला जातो आणि खोकी आत येत नाहीत, कारण पुठ्ठ्याच्या नळ्यांमधून झुरळांच्या कुप्या घरात येतात.

नोंदवही हा या सेवेचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग आहे. भोजनालयाचा हाताने काढलेला नकाशा, त्यावर प्रत्येक पट्टीचा, पिंजऱ्याचा आणि पेटीचा क्रमांक, प्रत्येक भेटीची तारीख, औषधाचे नाव, प्रमाण, बॅच क्रमांक, कुठे किती वापरले, काय आढळले, आमच्याकडून कोणती दुरुस्ती अपेक्षित आहे आणि मागच्या वेळी सांगितलेली दुरुस्ती झाली की नाही, हे सगळे त्यात असते. शेवटचा रकाना आम्हाला अडचणीत आणणारा आहे आणि म्हणूनच तो हवा. दोन भेटींमध्ये ‘मोरीची जाळी अद्याप बसवलेली नाही’ असे लिहिलेले पाहिल्यावर मी तिसऱ्या भेटीच्या आदल्या दिवशी ती बसवून घेतली.

या सेवेत उणिवाही आहेत. सुरुवातीचे अहवाल इंग्रजीत छापलेले होते आणि स्वयंपाकघरातील कोणालाही ते वाचता येत नव्हते. मराठी अहवाल मिळण्यासाठी मला दोन महिने पाठपुरावा करावा लागला. सातव्या महिन्यात तंत्रज्ञ बदलला. नवा मुलगा पाऊण तासाचे काम पंधरा मिनिटांत उरकत होता आणि पट्ट्या न मोजताच आकडे भरत होता. मी स्वतः पट्ट्या मोजून फरक दाखवल्यावर कार्यालयाने चूक मान्य केली आणि पहिल्या तंत्रज्ञाला परत पाठवले, पण हे ग्राहकाने पकडावे लागू नये. माशांसाठी त्यांनी विकलेला निळ्या प्रकाशाचा दिवा त्यांच्याच माणसाने ताटे वाढण्याच्या ओट्यावर टांगला होता, जिथे तो कधीही असू नये. मी तो मागच्या दाराजवळ हलवून घेतला. माशा कमी झाल्या आहेत, गेलेल्या नाहीत, कारण शेजारची कचऱ्याची कुंडी आमच्या हातात नाही. सामाईक गटाराचा प्रश्नही तसाच आहे. त्यासाठी आम्ही चौघा दुकानदारांनी मिळून महापालिकेकडे अर्ज दिला आहे.

खर्चाचे स्पष्ट लिहिते. नव्या सेवेचे महिन्याला २,८०० रुपये होतात, म्हणजे जुन्या दराच्या तिपटीहून अधिक. त्याशिवाय चेंबर, जाळ्या, घडवंच्या आणि शटर यांवर ४१,००० रुपये एकदाच खर्च झाले. आमच्याएवढ्या भोजनालयाला ही रक्कम जड आहे आणि आम्ही ती दोन टप्प्यांत दिली. लहान चहाच्या टपरीला किंवा घरगुती खाणावळीला एवढे कंत्राट परवडणार नाही. त्यांनी निदान एकदा पाहणी करून घ्यावी, फटी बुजवाव्यात, पोती उचलून ठेवावीत आणि काय केले त्याच्या तारखा वहीत लिहाव्यात. यातल्या बहुतेक कामांना औषध लागत नाही.

मुदत संपल्यावर अधिकारी फेरतपासणीला आले. त्यांनी पुन्हा डीप फ्रीझची रबरी पट्टी उलटली, टेबलांचे पाय पाहिले, कोठीत पोत्यांच्या मागे जाऊन उभे राहता येते का ते पाहिले आणि नोंदवही जवळजवळ पूर्ण वाचली. चेंबरच्या कामाची नोंद त्यांनी दोनदा वाचली. नोटिशीतील मुद्द्यांची पूर्तता झाल्याचे लेखी मिळाल्यावर मी ते पत्र स्वयंपाकघरात, अण्णांना रोज दिसेल अशा जागी लावले.

पाचपैकी मी या सेवेला चार गुण देते. दुसऱ्या वर्षाचे कंत्राट आम्ही तीन अटींवर केले आहे: तंत्रज्ञ बदलायचा असेल तर आधी कळवावे आणि पहिल्या दोन भेटींत जुना तंत्रज्ञ सोबत असावा, प्रत्येक अहवाल मराठीतच मिळावा, आणि जून ते सप्टेंबर या काळात महिन्याला एकाऐवजी दोन भेटी व्हाव्यात. यंदाच्या जूनमधली पहिली भेट झाली आहे. चेंबर कोरडे आहे आणि १४ पट्ट्यांवर मिळून एक झुरळ सापडले.